अपोलो ११ चं तीन सह्यांचं कव्हर १८ हजारात मिळतंय, घ्यावं का?

नाशिकच्या एका सदस्याने विचारलंय की ते शाळेपासून फर्स्ट डे कव्हरं, म्हणजे नवीन तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेली पाकिटं, जमवतात, आता अंतराळवीरांच्या सह्या असलेली जुनी कव्हरं जमवायची इच्छा आहे आणि एका ऑनलाइन विक्रेत्याने त्यांना अपोलो ११ चं, आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स अशा तिघांच्या सह्या असलेलं कव्हर १८ हजार रुपयांना देऊ केलंय, सोबत सर्टिफिकेट आहे. हे खरं असेल का, आणि नसेल तर सुरुवात कुठून करावी, असे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर आधी देतो म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. आत्ता पैसे पाठवू नका. तुम्ही फक्त पुढच्या बाजूचा एक फोटो टाकलाय, तोही तिरका, त्यावरून सही खोटी आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, कोणीच सांगू नये. पण तिघांच्या अस्सल सह्या एका कव्हरवर असतील तर त्याची किंमत बाजारात हजारो डॉलरमध्ये जाते, आणि १८ हजार रुपये म्हणजे साधारण दोनशे डॉलर. एवढा फरक का, हे विक्रेत्याने पटवून दिलं पाहिजे, आणि "आमच्याकडे जुना स्टॉक आहे" हे काही पटवून देणं झालं नाही.

मी सव्वीस-सत्तावीस वर्षं हे कव्हरांचं वेड करतोय आणि माझ्या मते नवीन माणूस चुकतो तो सही ओळखण्यात नाही, त्याच्या आधीच्या पायरीवर चुकतो. तो सहीकडे बघतो, अक्षराची वळणं ताडून बघतो, इंटरनेटवरचे नमुने शेजारी ठेवतो. मी कव्हर हातात घेतलं की पहिला प्रश्न वेगळाच विचारतो: हा कागद त्या माणसाच्या हातापर्यंत पोचला कसा? कधी, कुणी, कुठे नेला? याचं सरळ, तपासता येईल असं उत्तर मिळालं तर मग सही बघायची. नाही मिळालं तर सही कितीही देखणी असो, माझ्यासाठी ते साधं बिनसहीचं कव्हर, आणि तेवढीच किंमत मी देतो.

आता तुमच्या कव्हरला हा प्रश्न लावून बघू. फोटोत जे तिकीट दिसतंय ते अमेरिकेचं १० सेंटचं, चंद्रावर पाऊल टाकणाऱ्या माणसाचं एअरमेल तिकीट. ते निघालं ९ सप्टेंबर १९६९ ला, वॉशिंग्टनमध्ये, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्यानंतर सात आठवड्यांनी. कव्हरवर दोन शिक्के असतात, एक ९ सप्टेंबरचा पहिल्या दिवसाचा आणि दुसरा २० जुलै १९६९, मून लँडिंग असं लिहिलेला. हा दुसरा शिक्का बघून बरेच जण हुरळतात की हे चंद्रावर शिक्का मारलेलं कव्हर आहे, विक्रेतेही तसं सूचित करत राहतात, पण तो पोस्टानेच सप्टेंबरमध्ये मारलेला स्मरणाचा शिक्का आहे. आणि अशी पहिल्या दिवसाची कव्हरं किती निघाली माहितीये? ८७ लाखांहून जास्त. लोकांना ते तिकीट इतकं हवं होतं. म्हणून आजही बिनसहीचं असं कव्हर चहा-नाश्त्याच्या पैशात मिळतं.

खोट्या सह्यांचा धंदा इथेच उभा आहे. कव्हर शंभर टक्के अस्सल, तिकीट अस्सल, शिक्का अस्सल, कागद पन्नास वर्षं जुना आणि छान पिवळसर. फक्त सही गेल्या वर्षी केलेली. त्यामुळे विक्रेता जेव्हा म्हणतो की कागद बघा किती जुना आहे, तेव्हा तो सहीबद्दल एक अक्षरही सांगत नसतो. आर्मस्ट्राँग यांची सही तर अंतराळवीरांमध्ये सगळ्यात जास्त नक्कल होणारी, कारण उघड आहे.

मग खरी सही झालेला कागद कुठून येतो? वाटा मोजक्याच आहेत आणि त्या माहीत असल्या की निम्मं काम होतं.

सगळ्यात सुंदर वाट म्हणजे ज्यांना इन्शुरन्स कव्हर म्हणतात ती. अपोलो ११ च्या वेळी, उड्डाणाआधी तिघं विलगीकरणात होते तेव्हा त्यांनी पाकिटांवर सह्या करून ठेवल्या. आपण परत आलो नाही तर घरच्यांना ही पाकिटं विकून काही पैसे उभे करता येतील, हा त्यामागचा हिशोब, कारण चंद्रावर जाणाऱ्या माणसाचा मोठा विमा त्याच्या पगारात परवडण्यासारखा नव्हता. पाकिटं विश्वासातल्या माणसाकडे दिली गेली आणि उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या दिवशी पोस्टात नेऊन त्यांच्यावर शिक्के मारून घेतले. म्हणजे सही आधीची आणि शिक्का नंतरचा. ही प्रथा अपोलो १६ पर्यंत चालली. ही कव्हरं नंतर अंतराळवीरांच्या घरातूनच बाजारात आली, त्यामुळे बऱ्याचशा कव्हरांच्या मागच्या बाजूला त्या अंतराळवीराने किंवा त्याच्या मुलाबाळांनी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहून दिलेल्या असतात की हे आमच्या संग्रहातलं आहे. कागद हातापर्यंत कसा पोचला याचं उत्तर त्या कागदाच्याच पाठीवर असतं. मी एकदा एका संग्राहकाच्या घरी असं एक कव्हर हातात धरलंय, माझ्याकडे नाही, माझ्या ऐपतीबाहेरचं आहे, पण ते धरल्यावर जे वाटलं ते अजून विसरलेलो नाही. ज्या माणसांनी ते पाकीट सही करून बाजूला ठेवलं त्यांना आपण परत येऊ की नाही हे ठाऊक नव्हतं.

दुसरी वाट पत्राने. साठच्या दशकात जगभरातली पोरं नासाला पत्रं लिहायची, सोबत कव्हर पाठवायची, आणि उत्तर यायचं सुद्धा. इथे मात्र मोठी खोच आहे. पत्रं इतकी येत की सह्या बऱ्याचदा यंत्राने व्हायच्या. त्या यंत्राला ऑटोपेन म्हणतात. खऱ्या सहीवरून एक साचा बनवतात, यंत्राचा हात त्या साच्यावरून फिरतो आणि त्याला लावलेलं खरं पेन खऱ्या शाईने कागदावर सही काढतं. म्हणजे भिंगातून बघितलं तर शाई खरी, कागदात मुरलेली, छापील अजिबात नाही. याशिवाय ऑफिसातल्या सेक्रेटरीने केलेल्या सह्या असतात, आणि क्रूच्या फोटोंवर तर छापलेल्याच सह्या असतात ज्या भिंगाखाली लगेच कळतात.

ऑटोपेनचा धडा मी पैसे मोजून शिकलोय. सुरुवातीच्या वर्षांत एका विक्रेत्याकडून मी जेमिनी काळातल्या, म्हणजे अपोलोच्या आधीच्या अमेरिकन मोहिमांच्या काळातल्या, एका अंतराळवीराची सही असलेलं कव्हर घेतलं, तेव्हाच्या माझ्या जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढे पैसे गेले होते. तीन वर्षांनी एका प्रदर्शनात मी ते कौतुकाने एका ज्येष्ठ संग्राहकाला दाखवलं. ते काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी त्याच अंतराळवीराच्या दुसऱ्या एका सहीची पारदर्शक कागदावरची प्रत घेऊन आले आणि माझ्या कव्हरवर ठेवली. रेघ न रेघ जुळली. माणसाच्या हाताने केलेल्या दोन सह्या अशा कधीच जुळत नाहीत, तुम्ही स्वतः बँकेच्या दहा चेकांवर सही करून एकमेकांवर ठेवून बघा. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं. ते कव्हर मी अजून ठेवलंय आणि नवीन कोणी घरी आला की आधी तेच दाखवतो. त्यातून काय बघायचं ते सांगतो: रेघेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी असते कारण यंत्र दाब बदलत नाही, शब्द सुरू होतो आणि संपतो तिथे पेन टेकल्याचा ठिपका असतो, आणि जिथे हात सर्रकन जायला हवा तिथे रेघ बारीक थरथरते. तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर तिथेच थांबायचं. आणि एका अंतराळवीराचा एकच साचा नसतो, अनेक असतात, त्यामुळे एका साच्याशी जुळलं नाही म्हणून सही हाताची आहे असं धरून चालायचं नाही.

आर्मस्ट्राँग यांच्याबद्दल एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवायची. ते बरीच वर्षं पत्राने आलेल्या विनंत्यांना सही देत असत, पण आपल्या सह्या विकल्या जातायत आणि खोट्याही फिरतायत हे कळल्यावर १९९४ च्या सुमारास त्यांनी ते बंदच केलं. २०१२ मध्ये ते गेले. त्यामुळे "२००५ मध्ये माझ्या काकांनी पत्र पाठवून मागवली" असं कोणी म्हणालं तर मी फार सावध होतो. त्यांनी दिलेल्या पुष्कळ सह्यांवर मागणाऱ्याचं नाव असायचं, अमक्याला शुभेच्छा वगैरे. बाजारात मात्र बिननावाची सही जास्त महाग, आणि नक्कल करणारा अर्थात बिननावाचीच करतो. म्हणून मी नवीन लोकांना सांगतो की नाव लिहिलेली सही कमी लेखू नका. कुणाच्या तरी नावाने केलेली सही, सोबत त्याच माणसाला आलेलं पत्राचं पाकीट असेल तर माझ्या लेखी ती जास्त मोलाची.

आपल्याकडे आणखी एक कहाणी ऐकू येते, मुंबईची. अपोलो ११ चे तिघं परत आल्यावर जगाच्या दौऱ्यावर निघाले होते आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये मुंबईत आले होते, हे अगदी खरं आहे. त्यामुळे "आजोबा तेव्हा मुंबईत होते, त्यांनी घेतली सही" ही गोष्ट अशक्य नाही. पण त्या दौऱ्यात प्रचंड गर्दी असायची, वेळ मोजका, सगळा सरकारी बंदोबस्त. आजोबा त्या कार्यक्रमात कोण होते? निमंत्रण पत्रिका आहे का, फोटो आहे का, सही ज्या कागदावर आहे तो कागद तेव्हाचा मुंबईतला आहे का? वॉशिंग्टनचं फर्स्ट डे कव्हर सहा-सात आठवड्यांत मुंबईतल्या आजोबांच्या खिशात कसं आलं हेही सांगावं लागेल. गागारिन यांच्या सह्यांबाबतही अशाच गोष्टी सांगितल्या जातात, तेही १९६१ च्या अखेरीला भारतात आणि मुंबईत येऊन गेले होते. गोष्ट ऐका, आवडीने ऐका, पण पैसे कागदावरच्या पुराव्याला द्या.

तारखांचं थोडं गणित पाठ करून ठेवलं तर फार उपयोग होतो आणि त्याला काही खर्च नाही. गागारिन २७ मार्च १९६८ ला विमान अपघातात गेले, त्यामुळे त्यानंतरच्या शिक्क्याच्या कव्हरवर त्यांची सही दाखवली तर तिथेच विषय संपला, आणि अशी कव्हरं मी विकायला ठेवलेली पाहिली आहेत. फक्त शिक्का बघू नका, तिकीट कोणत्या साली निघालं तेही बघा. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या आगीत गेले, त्यांच्या तिघांच्या एकत्र सह्या म्हणूनच इतक्या दुर्मिळ. अमेरिकेत पिनकोडसारखा झिप कोड सुरू झाला १ जुलै १९६३ ला, त्यामुळे १९६२ च्या कव्हरवर टाइप केलेल्या पत्त्यात पाच आकडी झिप असेल तर पत्ता नंतर घातलाय. अमेरिकेची ही उड्डाणं जिथून व्हायची त्या केप कॅनाव्हरलचं नाव केनेडींच्या हत्येनंतर नोव्हेंबर १९६३ मध्ये केप केनेडी झालं आणि १९७३ मध्ये परत बदललं. नासाचं ह्यूस्टनचं केंद्र १९७३ पर्यंत मॅन्ड स्पेसक्राफ्ट सेंटर होतं, जॉन्सनचं नाव त्याला नंतर मिळालं, म्हणून १९६९ च्या म्हणवणाऱ्या कव्हरच्या छापील चित्रात जॉन्सन स्पेस सेंटर लिहिलं असेल तर ते चित्र तेव्हाचं नाही. डावीकडच्या या छापील चित्राला कॅशे म्हणतात, आणि जुन्या साध्या पाकिटावर नंतर कॅशे छापून घेणारेही आहेत.

पेनचंही तसंच. शार्पी मार्कर १९६४ मध्ये बाजारात आला. पृथ्वीभोवती फिरून आलेले पहिले अमेरिकन जॉन ग्लेन यांच्या २० फेब्रुवारी १९६२ च्या उड्डाणाच्या कव्हरवर शार्पीने सही असेल तर ती त्या दिवसाची नाही. पण इथे घाई करू नका, नंतर केलेली सही आणि खोटी सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! ग्लेन २०१६ पर्यंत होते, दशकानुदशकं त्यांनी लोकांना सह्या दिल्या, त्यातल्या असंख्य सह्या १९६२ च्या जुन्या कव्हरांवरच आहेत आणि त्या अगदी अस्सल आहेत. फक्त विक्रेत्याने "त्या काळातली सही" म्हणून जास्त पैसे लावले तर ते चुकीचं. मी स्वतः नंतरच्या सह्या आनंदाने घेतो, अट एकच, वर्णन खरं असावं.

आणि ग्लेन यांचं ते कव्हर सुरुवातीसाठी खरंच छान आहे. अमेरिकन पोस्टाने प्रोजेक्ट मर्क्युरीचं, म्हणजे माणसाला अंतराळात पाठवायच्या त्यांच्या पहिल्या मोहिमेचं, ४ सेंटचं तिकीट गुपचूप छापून, सीलबंद पाकिटांतून देशभरच्या पोस्टांत आधीच पाठवून ठेवलं होतं आणि ग्लेन सुखरूप उतरल्यावर त्याच दिवशी ते विक्रीला काढलं. उड्डाण आणि पहिला दिवस एकाच तारखेला. कोणालाच आधी माहीत नसल्यामुळे लोकांनी हाताला येईल त्या पाकिटावर ते तिकीट चिकटवलं, कुणी ऑफिसच्या, कुणी हॉटेलच्या. अशी साधी, कॅशे नसलेली, केप कॅनाव्हरलच्या शिक्क्याची कव्हरं मला छापील चित्रवाल्यांपेक्षा जास्त आवडतात.

जहाजांची कव्हरं हा माझा जीव की प्राण विषय आहे त्यामुळे दोन ओळी जास्त लिहितो. तेव्हा यान समुद्रात उतरायचं आणि नौदलाचं जहाज ते उचलायला उभं असायचं. प्रत्येक मोठ्या जहाजावर पोस्ट ऑफिस असतं. संग्राहक लोक महिनोन्‌महिने आधी तिकीट लावलेली पाकिटं जहाजाच्या पोस्टाकडे पाठवून द्यायचे आणि यान उचललं त्या दिवशी ती शिक्का मारून परत निघायची. अंतराळात गेलेले पहिले अमेरिकन शेपर्ड यांना उचललं लेक शॅम्प्लेनने, ग्लेन यांना नोआ नावाच्या विनाशिकेने, अपोलो ११ ला हॉर्नेटने २४ जुलै १९६९ ला, अपोलो १३ ला इवो जिमाने. उड्डाणाच्या ठिकाणचं कव्हर लाखांनी असतं, जहाजाचं त्या मानाने थोडं, आणि तरी बिनसहीची जहाज कव्हरं अजून परवडतात. शिक्क्यातलं जहाजाचं नाव, तारीख आणि मोहीम यांचा मेळ लागतो का हे पडताळण्यात जी गोडी आहे ती सही विकत घेण्यात नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. वर्षभर ही कव्हरं जमवा, तुमची नजर आपोआप तयार होईल.

आता अंतराळात जाऊन आलेली कव्हरं. याचं नाव काढलं की अपोलो १५ चं प्रकरण सांगावंच लागतं. १९७१ मध्ये स्कॉट, वर्डन आणि अर्विन यांनी सुमारे चारशे कव्हरं नासाच्या परवानगीशिवाय चंद्रावर नेली, परतल्यावर त्यांच्यावर ओकिनावा जहाजाचा शिक्का पडला, त्यातली शंभर एका जर्मन व्यापाऱ्याकडे गेली आणि त्याने ती प्रत्येकी सुमारे दीड हजार डॉलरना विकली. १९७२ मध्ये गवगवा झाला, चौकशी झाली, तिघांची उड्डाणाची कारकीर्द तिथेच संपली आणि उरलेली कव्हरं सरकारने ताब्यात घेतली, ती त्यांना परत मिळाली १९८३ मध्ये. माणूस म्हणून मला त्या तिघांबद्दल वाईट वाटतं. पण संग्राहक म्हणून बघा, चौकशीमुळे किती कव्हरं गेली, कशी गेली, कुणाकडे गेली याची पै न पै नोंद झाली. व्यापाऱ्याकडे गेलेल्या शंभर कव्हरांच्या मागे तर नोटरीचा मजकूर आहे. त्यामुळे अपोलो १५ चं गेलेलं कव्हर म्हणून कोणी काही दाखवलं तर ते त्या नोंदीत बसतं की नाही हे तपासता येतं. अपोलो ११ सोबत गेलेली कव्हरं दोनशेच्या आसपास, ती क्रूकडेच राहिली, त्यांच्यावर ह्यूस्टनजवळच्या वेब्स्टर गावचा ११ ऑगस्ट १९६९ चा शिक्का आहे आणि विलगीकरणामुळे उशीर झाल्याचा रबरी ठसा आहे. तुमच्या १८ हजारवाल्या कव्हरचा यांच्याशी काही संबंध नाही, विक्रेत्याने तसं सुचवलं असेल तर तो विक्रेताच सोडा.

तुम्हाला अंतराळात गेलेलं कव्हर हवंच असेल तर माझा सल्ला थोडा नंतरच्या काळातला आहे, १९८३ चं चॅलेंजर शटलचं एसटीएस-८. अमेरिकन पोस्टाने नासाबरोबर अधिकृतपणे सुमारे २ लाख ६० हजार कव्हरं त्या उड्डाणात पाठवली आणि परत आल्यावर लोकांना १५ डॉलर ३५ सेंटला विकली. अजूनही सहज मिळतात, खरोखर अंतराळात जाऊन आलेली, आणि कागद कसा पोचला याबद्दल शंकाच नाही. आणि आपल्यासाठी खास गोष्ट ही की त्याच उड्डाणात आपला इन्सॅट-१बी सोडला गेला होता! ज्या उपग्रहाने पुढे आपल्या घराघरात टीव्ही पोचवायला हात लावला, त्याच्याच सोबत गेलेला कागद हातात धरायचा. त्या क्रूमध्ये पाच जण होते, ट्रूली, ब्रँडनस्टाइन, गार्डनर, ब्लूफर्ड आणि थॉर्नटन, त्यांच्या सह्यांची कव्हरं अपोलोच्या तुलनेत पुष्कळच स्वस्त.

भारतीय बाजूनेही सुरुवात करता येते आणि ती माझ्या मते जास्त समाधान देते. ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून गेले, त्याच दिवशी आपल्या पोस्टाने ३ रुपयांचं तिकीट काढलं, त्याची फर्स्ट डे कव्हरं आपल्याकडच्या जुन्या संग्रहांत खूप आहेत. मालिशेव, स्त्रेकालोव आणि शर्मा अशा तिघांच्या सह्यांचं कव्हर शोधणं हे पाच-दहा वर्षांचं सुंदर काम आहे. आणि अगदी मुळाशी जायचं असेल तर स्टीफन स्मिथ. कलकत्त्याच्या या माणसाने १९३४ ते १९४४ या काळात रॉकेटमधून टपाल पाठवायचे प्रयोग केले, सिक्कीममध्ये केले, १९३५ मध्ये दामोदर नदीवरून रॉकेटमध्ये कोंबडा आणि कोंबडी सुद्धा पाठवली आणि ती जिवंत पोचली. आपल्या पोस्टाने १९९२ मध्ये त्याच्यावर तिकीट काढलंय. त्याने आपल्या रॉकेट कव्हरांवर स्वतः सह्या केलेल्या असायच्या. गागारिनच्या पंचवीस वर्षं आधीचा हा आपल्या मातीतला कागद, आणि आपलेच लोक त्याला विचारत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सर्टिफिकेटबद्दल. सर्टिफिकेट हा कुणीही छापू शकेल असा कागद आहे, किंमत आहे ती खाली सही करणाऱ्याच्या नावाला. फक्त अंतराळवीरांच्या सह्याच तपासणारे जाणकार आहेत, त्यांचं मत घेता येतं, फी लागते पण ती वसूल होते. विक्रेत्याने स्वतःच्याच मालाला स्वतः दिलेलं सर्टिफिकेट म्हणजे भाजीवाल्याने वांगी ताजी आहेत सांगण्यासारखं. त्याऐवजी लेखी विचारा की बाहेरच्या जाणकाराने नाकारली तर पूर्ण पैसे परत देणार का, किती दिवसांच्या आत. या एका वाक्यावर बरेच विक्रेते गायब होतात हा माझा अनुभव आहे.

आणि घेतलंत तर सांभाळा, आपल्या हवेत हे फार महत्त्वाचं. फोटो अल्बमवाल्या मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्यातलं रसायन शाई ओढून घेतं, पॉलिएस्टरच्या कडक पारदर्शक पिशव्या घ्या. लॅमिनेशन कधीच नाही, एका ओळखीच्या घरी एक सुंदर कव्हर लॅमिनेट केलेलं बघून माझा त्या दिवशी जेवणात जीव नव्हता. फ्रेम करून उन्हात लावलं तर मार्करची सही पाच-सात वर्षांत उडते. नाशिकला कोकणाइतका दमटपणा नाही, तरी पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून गरम करून कोरड्या करा, नाहीतर त्याच ओल धरून बसतात. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा सगळं बाहेर काढून तांबूस डाग किंवा कसर दिसते का बघा.

तर आत्ता एवढं करा. विक्रेत्याकडून कव्हरच्या मागच्या बाजूचा सरळ, उजेडातला फोटो मागवा, तिन्ही सह्यांचे जवळून घेतलेले वेगवेगळे फोटो मागवा, आणि विचारा की हे त्याच्याकडे कोणाकडून आलं, कोणत्या साली, बिल आहे का. तिघांच्या सह्या एकाच पेनच्या, एकाच जोराच्या वाटतात का ते तुम्हीही बघा, तुमच्या त्या तिरक्या फोटोत मला तसं वाटतंय पण फोटो धुरकट आहे. त्याने मागची बाजू दाखवली तर इथेच टाका, मी आणि इथले दोन-तीन जाणते लोक बसून बघू. आणि जहाज कव्हरांपासून सुरू करायचं ठरलं तर तेही लिहा, माझ्याकडे जादा दोन-चार आहेत, हॉर्नेटचं नाही, पण वास्प जहाजाचं जेमिनीच्या वेळचं एक आहे, बिनसहीचं, ते तुम्हाला पाठवतो.